रक्त तपासल्याशिवाय गहू सोडू नकोस

सोलापूर, १८ जानेवारी

चि. मुग्धा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की, बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि दर आठवड्याची डोकेदुखी यांना कंटाळून येत्या एक तारखेपासून तू गहू पूर्णपणे बंद करणार आहेस. "गहू सोडून बाबांना गुण आला, तर मलाही येईल," असे तुझे म्हणणे. हे ऐकून तुझ्या आईने लगेच ज्वारीच्या पिठाचे पार्सल बांधायला घेतले. मी मात्र गप्प राहिलो, कारण मला जे सांगायचे होते ते फोनवर धड सांगता आले नसते आणि मध्येच तुझी मीटिंग सुरू झाली असती. एक तारखेच्या आत तुझ्या हाती पडावे म्हणून हे पत्र आजच कुरियरने पाठवत आहे. गहू सोडू नकोस असे मी म्हणत नाही, रक्त तपासून घेण्यापूर्वी सोडू नकोस एवढेच माझे म्हणणे आहे. ती चूक मी स्वतः केली आहे आणि तिची पुरी हकिकत मी तुला आजवर कधी सांगितली नव्हती.

माझ्या दुखण्याची सुरुवात पायांपासून झाली असे तुम्ही सगळे धरून चालता, पण ती फळ्यावर झाली होती. चित्रकलेच्या तासाला मी कंपास न घेता वर्तुळ काढायचो आणि मुले दोरी लावून ते मोजून बघायची, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या वर्तुळाची दोन टोके जुळेनाशी झाली. हात फिरून परत येताना बोटभर बाहेर जाई. मी खडूला दोष दिला, मग चष्म्याला दिला. पुढे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जाऊ लागला, वीज गेल्यावर जिना उतरताना भिंत धरावी लागू लागली आणि तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. साखर तपासली, ती व्यवस्थित होती. बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने झाली. मुंग्या थोड्या उतरल्या, पण चाल तशीच राहिली.

त्याच सुमारास योगवर्गातल्या एका परिचितांनी सांगितले की मज्जातंतूंच्या सगळ्या तक्रारींचे मूळ गव्हात असते, तेव्हा तो सोडून बघा. कोणालाही न विचारता मी चार महिने गहू सोडला. त्यानंतर न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याचा योग आला. त्यांनी मला एका टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावून सरळ रेषेत चालायला लावले, बोटाने नाकाच्या शेंड्याला स्पर्श करायला सांगितले आणि कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी आतून बाहेर फिरत जाणारी रेघ काढून घेतली. एमआरआयमध्ये लहान मेंदू काहीसा आक्रसलेला दिसला. मग त्यांनी ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांशी लढायला शरीर रक्तात जी बनवते त्यांची, तपासणी करायला सांगितली आणि तिचा अहवाल अगदी स्वच्छ आला. मी मोठ्या अभिमानाने त्यांना सांगितले की चार महिने गव्हाला हातही लावलेला नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "मग या अहवालाला काहीच अर्थ उरत नाही."

पुढचे सहा आठवडे मला दोन्ही वेळच्या जेवणात गहू खावा लागला, कारण खाण्यात गहू असल्याशिवाय शरीर त्याविरुद्धची प्रतिपिंडे बनवत नाही, आणि बनलेली हळूहळू ओसरून जातात. पाचव्या आठवड्यात मी देवघराच्या उंबऱ्यात अडखळून पडलो आणि मनगट सुजले. ते पडणे गव्हामुळेच होते असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण ज्या अन्नाने आपले नुकसान होते आहे असा संशय आहे, तेच अन्न औषधासारखे मोजून ताटात वाढून घेणे काय असते, ते मी त्या दीड महिन्यात अनुभवले. दुसऱ्या तपासणीत प्रतिपिंडे भरपूर निघाली. आधी तपासणी आणि मग पथ्य असा क्रम ठेवला असता, तर माझे जवळजवळ अर्धे वर्ष वाचले असते; आणि या आजारात गेलेला काळ भरून निघत नाही.

तो का भरून निघत नाही, हेही समजून घे. ग्लुटेन म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारी प्रथिने. एकदा मी कुतूहलापोटी कणकेचा गोळा नळाखाली धरून धूत बसलो होतो; पांढरे पाणी निघून गेल्यावर हातात रबरासारखा चिवट, राखाडी लगदा उरला. तुझी आई वैतागली, पण इतके महिने ज्याचे नाव ऐकत होतो ते ग्लुटेन मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले. काही माणसांचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्या लढाईत आतड्याच्या अस्तराचे, तर काहींच्या बाबतीत लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशींचे नुकसान होते. तोल आणि हातापायांच्या हालचालींचा मेळ या पेशींच्या जोरावर चालतो आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पोटाची तक्रार असायलाच हवी असेही नाही. ग्लुटेनमुळे तोल गेलेल्या बहुतेक रुग्णांचे पोट कुरकुर करत नाही. माझेही कधी केले नाही आणि म्हणूनच हा विचार कोणाच्या मनात आला नाही.

गव्हाचा आतड्याशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्याकडे उपचार घेणारी आतड्याच्या आजाराची मुले त्या उपासमारीतही सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. मज्जासंस्थेचा संबंध इंग्लंडमधल्या शेफील्ड येथील डॉ. मारिओस हाजीवासिलिऊ यांनी १९९६ मध्ये पुढे आणला. ज्यांच्या मज्जाविकाराचे कारण सापडत नव्हते अशा रुग्णांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात त्यांना ग्लायडिनविरोधी (ग्लायडिन हे ग्लुटेनमधलेच एक प्रथिन) प्रतिपिंडे आढळली. पण निरोगी माणसांतही १२ टक्के लोकांत ती होती, आणि हा दुसरा आकडा योगवर्गातल्या मंडळींना कोणी सांगत नाही. म्हणजे रक्तात प्रतिपिंडे सापडली की दुखण्याचे कारण सापडलेच, असे नाही. आणि डोके दुखते म्हणून गहू दोषी, असे तर मुळीच नाही. २००३ साली याच गटाने पथ्याचा परिणाम प्रसिद्ध केला. कसून पथ्य पाळणाऱ्या २६ जणांचा तोल वर्षभरात सुधारला आणि पथ्य नाकारणाऱ्या १४ जणांचा सुधारला नाही. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, लोकांनी स्वतःच आपली बाजू निवडली होती. तेव्हा त्या निकालावरही माझा विश्वास आहे तो थोडा हात राखूनच.

आता तुझ्याविषयी. माझ्या आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर खराब करणारा सीलिअॅक आजार निघाला, त्यामुळे तुझे नाते पहिल्या पायरीचे ठरते. एरवी हा आजार शंभरात एखाद्याला असतो, पण रुग्णाच्या मुलांत आणि भावंडांत तो साधारण दहात एकाला सापडतो. म्हणून तुझी शंका मी उडवून लावत नाही. येत्या आठवड्यात, नेहमीसारख्या चपात्या खात असतानाच, टीटीजी-आयजीए ही या आजाराची प्रतिपिंडे मोजणारी रक्ततपासणी करून घे आणि तिच्यासोबत एकूण आयजीएही (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांग, कारण काही जणांच्या शरीरात ते मुळातच कमी असते आणि मग पहिली तपासणी खोटा दिलासा देते. या आजाराशी जोडलेल्या डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या जनुकांची तपासणी गहू सोडल्यानंतरही करता येते. ही दोन्ही नसतील तर सीलिअॅकची शक्यता जवळजवळ मिटते, पण ती असली म्हणून आजार आहेच असे होत नाही, कारण समाजात सुमारे एक तृतीयांश लोकांत ती असतात. दोनशे पदार्थांची 'असहिष्णुता' एका थेंबात सांगणाऱ्या ज्या पॅकेजची जाहिरात तू मला पाठवलीस, त्यावर मात्र पैसे घालवू नकोस. त्यात मोजली जाणारी आयजीजी प्रतिपिंडे आपण तो पदार्थ खातो एवढेच सांगतात.

त्याच वेळी बी-१२, थायरॉइड आणि साखरही पाहा, आणि मनगटातली नस दबली आहे का हे एखाद्या डॉक्टरांना तपासू दे. दिवसाचे दहा तास तुझा हात लॅपटॉपवर असतो आणि मुंग्या रात्री वाढतात असे तू स्वतःच म्हणालीस. दोष मनगटाचा निघाला आणि आपण गव्हाला हद्दपार करून बसलो, तर ते चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल.

तपासणीत काही निघालेच, तर मात्र पथ्य अर्धेमुर्धे चालत नाही. आपण सोलापूरची ज्वारी खाणारी माणसे, तेव्हा आपल्याला काय अवघड, असे मला वाटले होते. पाच महिन्यांनी प्रतिपिंडे उतरली, पण पुरती उतरेनात. आईने एके दिवशी चाळशी लावून फडताळातला एकेक डबा वाचायला घेतला आणि हिंगाच्या डबीवर थबकली. बांधानी हिंगात निम्म्याहून जास्त पीठच असते आणि आमच्या डबीत ते गव्हाचे होते. म्हणजे ज्या आमटीला मी निर्धोक समजत होतो तिच्या फोडणीतच रोज गहू पडत होता. नंतर मेतकूट निघाले, थालीपिठाची भाजणी निघाली. गिरणीत आपली ज्वारी गव्हावर पडते हे तर शेवटी सुचले, आणि मग घरघंटी घ्यावी लागली. भाकरी करायला मीही शिकलो. ज्वारीच्या पिठात हे चिवट प्रथिन नसते, म्हणून ते गरम पाण्याने मळावे लागते, आणि पीठ जुने होऊन विरी गेली की भाकरी थापताना कडा फाटतात. आता घरी आठवड्यापुरतेच दळतो. खपली गहू जुना म्हणून चालतो असे तुला तिथेही कोणीतरी सांगेल. तो चालत नाही, तोही गहूच आहे. सातू चालत नाही, आणि सातूच्या माल्टची पेयेही चालत नाहीत. उलट आपल्या उपासाच्या फराळातले वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा सगळे चालते. वर्षभर एकादशी असल्यासारखे वाटते इतकेच. बंगळुरात नाचणीचे मुद्दे आणि साधी इडली आहे, तुझी उपासमार व्हायची नाही, फक्त रवा इडलीपासून लांब राहा आणि सांबारातल्या हिंगाची चौकशी कर. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचे असेल तर आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती महागडी बिस्किटे मी एकदाच आणली आणि आईने ती चिमण्यांना घातली.

आता मला नेमका किती गुण आला, ते सांगतो. पथ्याला चौदा महिने झाले. रोज सकाळी चहाआधी मी वहीत हाताने एक वर्तुळ काढतो आणि खाली तारीख घालतो. पहिल्या वहीत टोके जुळलेली नाहीत. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून अंतर कमी होत गेले. आता आठवड्यातून चार-पाच दिवस टोके मिळतात, पण रेघ पूर्वीसारखी एका दमात जात नाही, मध्ये कापरी होते. अंधारात जिना भिंत न धरता उतरतो. तळपायांच्या मुंग्या आहेत तशाच आहेत. याच काळात फिजिओथेरपी चालू होती आणि बी-१२ ही चालू आहे, त्यामुळे कोणत्या उपायाने किती काम केले ते मला वेगळे काढता येत नाही. "बाबांना गुण आला" हे तुझे वाक्य तुझ्या मैत्रिणींना सांगताना एवढे सगळे जोडून सांग.

रक्त कोणत्या दिवशी देतेस ते कळव आणि अहवाल आला की त्याचा फोटो पाठव. त्यातला आकडा आणि प्रयोगशाळेची मर्यादा दोन्ही दिसू देत. शिवरात्रीला येशील तोपर्यंत निकाल लागलेला नसेल, तर इथेही तुझे गहू खाणे चालूच ठेवावे लागेल. त्यासाठी शेजारून दोन किलो कणीक सांगून ठेवली आहे. आपला चपातीचा जुना तवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, तो मी काल उतरवला. आईने त्याची मांडणी वेगळी केली आहे, आणि त्या बाजूला मला फिरकायला मनाई आहे.

तुझे
बाबा