सुहासला पत्र: पांढऱ्याचे सापळे

सांगली,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बँकेच्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव दिलंस हे फार बरं केलंस. वहिनींना सांग, आता स्पर्धा होईपर्यंत रात्रीचा टीव्ही त्यांच्या ताब्यात. फोनवर खेळ्या सांगितल्या की तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि पुढच्या आठवड्यात तेच परत विचारतोस, म्हणून या वेळी लिहूनच काढतोय. वाचताना पट समोर मांड. नुसतं 'ई४' असं लिहिलं असेल तिथं प्यादं त्या घरात न्यायचं, एवढं धर. मोबाइलवरचा नको, तुझा तो जुना लाकडी काढ.

तू पांढऱ्याकडून लावायचे दहा-बारा सापळे मागितलेस. तेवढे देणार नाही. मोजकेच देतो, पण ते का चालतात तेही सांगतो. नुसता पाठ केलेला सापळा समोरच्यानं एखादं प्यादं वेगळं ढकललं की तिथंच संपतो आणि मग माणूस पटाकडे बघत बसतो. शिवाय माझी एक अट आहे. समोरचा फसला नाही तरी आपला डाव चांगलाच राहिला पाहिजे.

या अटीत तुझी लाडकी चार खेळ्यांतली मात पहिल्याच फटक्यात बाद होते. ई४ ई५, वजीर एच५, घोडा सी६, उंट सी४. आता काळ्यानं घाईत घोडा एफ६ केला तर वजिरानं एफ७ मारून मात, कबूल. पण चार डाव खेळलेला माणूसही जी६ करतो. तुझा वजीर एफ३ ला मागे येतो, काळा घोडा एफ६ ला येऊन एफ७ झाकतो, आणि तुझा वजीर तुझ्याच घोड्याची जागा अडवून बसलेला असतो. तुझ्या वजिराला हुसकावता हुसकावता काळ्याची फौज बाहेर आली. नवख्या पोरांवर हे एकदा चालेल, दुसऱ्यांदा तीच पोरं तुला हसतील.

त्यातली एक गोष्ट मात्र जपून ठेव: एफ७. डाव सुरू होताना काळ्याच्या बाकी प्रत्येक प्याद्यामागे हत्ती, उंट, वजीर असं कुणी ना कुणी उभं असतं. एफ७ ला एकट्या राजाचा आधार. आणि पहिली खेळी आपली असल्यामुळे तिथं आपण एक पाऊल आधी पोचतो. पुढचं बरंचसं याच घराभोवती फिरतं.

आता लेगालची मात. अठराव्या शतकात पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये लेगाल नावाचा गाजलेला खेळाडू होता, बुद्धिबळातल्या त्या नामांकित फिलिडोरचा गुरू. मात त्याच्याच नावावर आहे. ई४ ई५, घोडा एफ३, डी६, उंट सी४, उंट जी४. काळ्याच्या उंटानं आपला घोडा वजिरासमोर पिन केला, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उघडा. आपण दुसरा घोडा सी३ ला आणतो आणि काळा जी६ सारखी एखादी बिनकामाची खेळी करतो. आता पिन झालेला घोडाच उचलायचा आणि ई५ चं प्यादं खायचं! काळा खुशीत आपला वजीर खातो. मग उंट एफ७ वर, शह. राजाला ई७ शिवाय घर नाही. घोडा डी५, मात. दोन घोडे, एक उंट, आणि काळ्याचा वजीर डी८ वर जागच्या जागी बघत बसलेला.

संध्याकाळच्या वर्गात ही मात दाखवली तेव्हा सगळी पोरं ओरडली. चौथीतली एक मुलगी तेवढी गप्प होती. म्हणाली, "सर, पण त्यानं वजीर खाल्लाच नाही तर?" मी म्हटलं, तूच सांग. तिनं सोंगट्या मागे घेतल्या, काळ्याच्या डी६ च्या प्याद्यानं घोडा खाल्ला, थोडा वेळ बघत राहिली आणि जी४ वरच्या उंटावर बोट ठेवलं. "मग माझा वजीर हा उंट खाणार. आणि ई५ चं प्यादं तर आधीच खाल्लंय." घोड्याला उंट फिटला, वर एक प्यादं फुकट. माझी अट म्हणतात ती हीच, त्या पोरीला न सांगता कळली.

पण इथं एक खाच आहे आणि बरेच जण तिथंच पडतात. काळ्याचा घोडा सी६ वर असेल तर हा खेळ करू नकोस. तो घोडाच ई५ वर येऊन आपला घोडा खातो, जी४ च्या उंटालाही आधार देतो, आणि आपण एका प्याद्यासाठी घोडा घालवून बसतो. तसं असेल तर आधी एच३ करून उंटाला विचार, 'खातोस का जातोस?' तो पिन सोडायला नको म्हणून एच५ ला सरकला की मग ई५ खा. आता सी६ च्या घोड्यानं आपला घोडा खाल्ला तर वजीर एच५ चा उंट खातो. काळ्याचा घोडा आपला सी४ चा उंट खातो, आपण वजीर बी५ वर आणून शह देतो आणि तो घोडाही परत घेतो. हिशेब केलास तर एक प्यादं वर. काळ्यानं वजीर खाल्ला तर मात आहेच. एच३ ही एवढीशी खेळी, पण सगळं तिच्यावर उभं आहे.

तुला वाटत असेल, हे सगळं कच्च्या खेळाडूंचं. मग हा डाव मांड. स्वित्झर्लंडमधलं बील, १९८८, पांढऱ्याकडे कोलंबियाचा ग्रँडमास्टर झपाटा, काळ्याकडे आपला आनंद. अठरा वर्षांचा, आदल्या वर्षीचा जागतिक ज्युनियर विजेता, भारताचा पहिला ग्रँडमास्टर. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा एफ६, घोड्यानं ई५ खाल्लं, डी६, घोडा परत एफ३, काळ्या घोड्यानं ई४ खाल्लं, घोडा सी३. इथं आनंदनं उंट एफ५ ला आणून ई४ च्या घोड्याला आधार दिला. दिसायला किती नैसर्गिक! झपाटानं वजीर ई२ केला आणि आनंदनं डाव सोडला. सहा खेळ्या.

का सोडला ते पटावर बघ. ई४ चा घोडा आता राजासमोर पिन आहे, हलू शकत नाही. डी५ करून त्याला टेकू दिला तर आपण डी३ करतो आणि घोडा गेला. वजीर ई७ ला आणून पिन सोडवू पाहिली तर घोडा डी५. वजिरावर हल्ला आणि सी७ वर डोळा, सगळं एकदम. याची मागची गोष्ट आणखी मजेदार आहे. १९८७ साली माइल्स आणि क्रिस्टियनसन यांच्या डावात काळ्यानं हाच उंट एफ५ खेळला होता, पण माइल्सनं वजीर ई२ केलाच नाही आणि डाव बरोबरीत सुटला. तो डाव छापून आला, आणि छापलंय म्हणजे खेळी चांगली असणार असं धरून आनंद तिकडे गेला. पुढे पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाची ही कथा. तेव्हा तुझ्या हेडऑफिसचे साहेब कितीही तयारीचे असोत, भिऊ नकोस. पेट्रॉफ, म्हणजे ई५ नंतर हा घोडा एफ६, खेळणारे भेटतातच, आणि यात पांढऱ्याची एकही खेळी ओढूनताणून केलेली नाही.

ई२ वरच्या वजिराचा दुसरा चमत्कार कॅरो-कान या सुरुवातीत आहे. ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, प्याद्यानं ई४ खाल्लं, घोड्यानं परत खाल्लं, घोडा डी७. आता वजीर ई२. काळ्यानं विचार न करता दुसरा घोडा एफ६ ला आणला की घोडा डी६, मात! ई७ चं प्यादं त्याला खाऊ शकत नाही, कारण ई४ वरचा घोडा हलल्याबरोबर वजिराची नजर थेट राजावर गेली. एकेकाळचा जगज्जेता आलेखिन, त्यानं १९३५ मध्ये पाल्मा द मायोर्कात चार हौशी खेळाडू मिळून खेळत असताना त्यांना असंच चिरडलं होतं. चौघांनी विचारविनिमय करून सुद्धा! माझ्या अटीत मात्र हा सापळा काठावर पास होतो. वजीर ई२ ला गेला की आपलाच एफ१ चा उंट कोंडतो. काळ्यानं ई६ किंवा डी७ चाच घोडा एफ६ केला तर काही मिळत नाही, हरतही नाही, फक्त थोडं अवघडल्यासारखं होतं. जलद डावात वापर. दीड तासाच्या डावात नको.

फ्राइड लिव्हर नावाचा हल्ला म्हणशील तर तो तुला येतोच, घोडा जी५ करून एफ७ वर झेप. काळ्यानं डी५ चं प्यादं घोड्यानं न खाता घोडा ए५ केला की मजा संपली, एवढं ध्यानात ठेव.

खरा राजा माणूस म्हणजे अमेरिकेचा बॉबी फिशर. न्यूयॉर्क, १९५८-५९ ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा. फिशर पंधरा वर्षांचा, समोर रेशेव्स्की, अनेक वेळचा अमेरिकन विजेता. सिसिलियनमधली, म्हणजे ई४ ला सी५ नं उत्तर दिलेली, ड्रॅगन नावाच्या प्रकाराच्या घरातली मांडणी, काळ्याचा उंट जी७ वर, त्याच्या राजाचा किल्लेकोट झालेला, पांढऱ्याचा उंट बी३ वर. रेशेव्स्कीनं त्या उंटाच्या मागे घोडा ए५ ला पाठवला. फिशरनं ई५ ढकललं, एफ६ चा घोडा ई८ ला मागे गेला, आणि उंटानं धाडकन एफ७ खाल्लं. शह! राजानं उंट खाल्ला तर घोडा ई६. आता बघ, काळ्याच्या वजिराला पटावर एकही घर नाही. त्याच्याच सोंगट्यांनी त्याला चिणलंय. सी७ वर तोच घोडा टपलेला, बी६ वर ई३ चा उंट. प्याद्यानं घोडा खाल्ला तर डी स्तंभ उघडतो आणि फिशरचा वजीर त्याचा वजीर उचलतो. रेशेव्स्की वजिराच्या बदल्यात एक उंट आणि एक घोडा घेऊन बेचाळीस खेळ्यांपर्यंत झुंजला, पण डाव तिथंच संपला होता. हाच घाव आधी एका रशियन मासिकात छापून आला होता. पोरानं वाचला होता, दिग्गजानं नव्हता.

सिसिलियनला तू काय खेळावंस? मला विचारशील तर मोरा गॅम्बिट. ई४ सी५, डी४, खाल्लं, सी३, पुन्हा खाल्लं, घोड्यानं परत खा. एक प्यादं गेलं, पण मग दुसरा घोडा एफ३ ला आणि उंट सी४ ला झटपट बाहेर. काळा घोडा सी६, डी६, घोडा एफ६ असा सरळ आला तर ई५! घोड्यानं ते प्यादं खाल्लं तर आपण घोड्यानं घोडा खा, त्यानं प्याद्यानं परत खाल्लं की उंट एफ७. शह आहे, राजाला उंट खावा लागतो आणि डी८ चा वजीर बिनआधार पडतो. जाणता माणूस मात्र ई५ नंतर घोडा जी४ करतो आणि मग खरी लढाई होते. ती तुला आवडेल, तू तसाही प्याद्यांचा हिशेब ठेवणारा नाहीस. बँकेत कसा टिकलास देव जाणे.

डी४ चं विचारलंयस. वजिराच्या बाजूला पांढऱ्यानं सापळे शोधण्यापेक्षा आपण पडणार नाही एवढं बघावं. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३, घोडा एफ६, उंट जी५, आणि काळा बी८ चा घोडा डी७ ला आणतो. तू डी५ वर प्याद्याला प्यादं अशी मारामारी करतोस आणि दिसतं काय, तर एफ६ चा घोडा वजिरासमोर पिन आहे, म्हणजे डी५ चं प्यादं फुकट! घोड्यानं ते खाल्लंस की काळा पिन झालेल्या घोड्यानंच परत खातो, तुझा उंट त्याचा वजीर खातो, आणि उंट बी४ वर शह. तुला वजीर मध्ये घालण्याशिवाय गत्यंतर नाही. शेवटी एक अख्खा मोहरा कमी. लेगालचीच युक्ती, फक्त आपल्यावर उलटलेली. म्हणून पिन दिसली की आधी बघ, मागे राजा आहे की वजीर. राजा असेल तर सोंगटी खरंच हलत नाही. वजीर असेल तर हलू शकते, आणि हलली तर तिनं त्याची किंमत वसूल केलेली असते.

आता एक काम कर. गेल्या महिन्यातले तुझे पांढऱ्याचे डाव लिहून पाठव, हरलेले सुद्धा. काळ्यानं पहिल्या सहा-सात खेळ्यांत काय केलं तेवढंच मला हवंय, म्हणजे तुमच्याकडे सिसिलियन किती येतं आणि पेट्रॉफ किती हे कळेल. आणि फिशरच्या डावात ई६ चा घोडा राजानंच खाल्ला असता तर काय, ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. वजीर डी५ वर शह दे आणि पुढचं तू शोध. कॉम्प्युटरचं इंजिन लावायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद