संशोधनाचे मोल मोजताना : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री, कर्नाटक राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी निपाणीचा, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बाजूला सारून शोधनिबंधाची ऑनलाइन चर्चा मोजावी, म्हणजेच ऑल्टमेट्रिक्स वापरावे, असे अलीकडे प्राध्यापकवर्गात बोलले जाते. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा इतर संशोधक किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, ही जर्नलची सरासरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीने तिच्यावरून एकेका निबंधाचे गुण वाढवले, ते मला कधीच पटले नाही. तरीही नवा उपाय पारखूनच घ्यावा, अशी विनंती आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातलेच पाहा. येथील खेड्यांत 2002 ते 2005 या काळात 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी झाली. गोळ्या देणाऱ्या होत्या गावपातळीवरच्या परिचारिका. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्के होते, तर औषध घेतलेल्यांत 6.4 टक्के. 2006 मध्ये या चाचणीवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये आला आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. निबंध आला त्या वर्षी ट्विटर नुकते कुठे सुरू झाले होते, मग त्याची ऑनलाइन चर्चा कुठून होणार? याउलट मार्च 2020 मधला कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याविषयीचा छोटा फ्रेंच निबंध जगभर गाजला आणि डिसेंबर 2024 मध्ये मागे घेतला गेला. नुसता गाजावाजा मोजायचा, तर बाजी कोण मारणार हे उघड आहे.

दुसरी अडचण भाषेची. माझ्या एका विद्यार्थ्याने उसातल्या हुमणी या किडीवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्याचे सार एका पानावर छापून चिकोडी भागातल्या कृषी सेवा केंद्रांत वाटले : वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेनंतर कडुनिंबावर जमणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरला. पण ऑल्टमेट्रिक्सची मोजणी निबंधाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) किंवा दुवा शोधते, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी गटांत तर तिला शिरताच येत नाही. त्याच्या निबंधापुढे शून्य आहे. (तो आकडा पाहून आम्ही दोघेही हसलो, हे मोजमाप लागू झाले तर बढतीच्या अर्जात मात्र त्याला तोच लिहावा लागेल.)

म्हणून असे मोजमाप आणायचेच झाले, तर धोरणपत्रांतले, वृत्तपत्रांतले आणि समाजमाध्यमांवरचे उल्लेख वेगवेगळे दाखवावेत, त्यांची एक बेरीज करू नये; कन्नड व मराठीतला पुरावा जोडायला अर्जात जागा ठेवावी; आणि गुण देण्याआधी विषयाच्या जाणकाराने निबंध वाचावा.

सोबत ते पत्रक जोडले आहे. एका बाजूला कन्नड आहे, दुसऱ्या बाजूला मराठी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, निपाणी