विशेष मुलांच्या वर्गावर बदलीला जाण्याआधी

सांगली-मिरज भागातल्या सर्व बदली शिक्षकांसाठी सूचना.

वर्ग भरण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि मदतनीस ताईंना गाठा. फायलीत नसलेलं बरंच त्यांना ठाऊक असतं. कोणाला फिट येते, डब्यातलं काय चालत नाही, लघवीची खूण कोणती, न्यायला कोण येतं, हे विचाराच.

भिंतीवरचा चित्रांचा दिनक्रम बदलू नका. नेहमीच्या बाई नाहीत हाच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला मोठा बदल असतो. त्यात डबा प्रार्थनेआधी काढला, तर दिवस हातचा गेलाच म्हणा. सूचना एका वेळी एकच, तीन-चार शब्दांत. मग मनात १० आकडे मोजा. घाईने तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली, की मुलाला ती नवी सूचना वाटते.

श्रवणयंत्र शिट्टी मारत असेल, तर बहुधा त्याचा साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, नीट बसलेला नसतो. यंत्र बंद करू नका, साचा बसवा.

फिट आली तर आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवा, हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा-चप्पल हुंगवणं तर अजिबात नको. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.

शाळा सुटल्यावर फिट, पडझड, न खाल्लेला डबा हे सगळं वेळेसह नोंदवहीत लिहा.