बोधाला तीन गुण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सदरात गेले काही दिवस ‘मुलं वाचत नाहीत’ अशी पत्रं येताहेत. लिहिणारे बहुतेक माझ्याच वयाचे आणि सगळे मोबाइलवर घसरलेले. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. शेवटची ९ वर्षं ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्याही माझ्याच कनवटीला होत्या. सगळी मुलं वाचतात असं मी म्हणणार नाही. ६० च्या वर्गात पंधराएक असायची. पण त्या पंधरांनाही गप्प करायची युक्ती आम्हा मोठ्यांकडे आहे. पुस्तक वाचून झालं की आपण त्यांना जे विचारतो, ती.

आधी माझाच गुन्हा कबूल करते. कितीतरी वर्षं दिवाळीच्या सुट्टीत मी नववीला एक पुस्तक वाचून परीक्षण लिहून आणायला सांगायची. मुद्दे फळ्यावर लिहून द्यायची: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, थोडक्यात कथानक आणि शेवटी ‘या पुस्तकातून मला मिळालेला बोध’. गुण १०, त्यातले ३ बोधाला. सुट्टीनंतर वह्यांचा ढीग यायचा आणि निम्म्या वह्यांत शेवटचं वाक्य एकच असायचं, ‘हे पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावे.’ एकदा एका मुलाला उभं केलं. वडील यंत्रमागावर, हा स्वतः संध्याकाळी टॉवेलच्या घड्या घालायला जायचा. मलपृष्ठावरचा मजकूर त्यानं कानामात्रा न बदलता उतरवला होता. विचारलं, “पुस्तक वाचलंस का रे?” तो म्हणाला, “नाही बाई. पण तुम्ही तरी कुठं वाचलाय?”

वर्ग हसला. मी चिडले, कारण मी ते पुस्तक खरंच वाचलेलं नव्हतं. त्याला १० पैकी ७ गुण मात्र देऊन बसले होते.

त्या वर्षापासून परीक्षण बंद केलं. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं पोस्टकार्डाएवढी कापली आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एकेक ठेवून दिलं. मी स्वतः वाचलेलं पुस्तकच मुलांना द्यायचं, हा नियम माझ्यासाठी. मुलांसाठी नियम असा नव्हताच. नाव लिहा, लिहू नका. ‘आवडलं नाही’ लिहा, ‘२० पानांनंतर सोडलं’ लिहा. शुद्धलेखनाला मी हात लावणार नाही, असंही कबूल करून बसले, आणि ते पाळताना हात फार शिवशिवले. पुढचा वाचणारा आधीच्याची चिठ्ठी वाचायचा आणि तिच्याखाली आपलं लिहायचा. त्यातून भांडणं लागायची. दोन वर्षांत ११ पुस्तकं परत आली नाहीत, ती मी पदरचे पैसे घालून भरली. कपाटाला कुलूप का असतं, ते तेव्हा नीट कळलं.

सगळ्यात मोठं भांडण मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर झालं. २००४ सालची ही कादंबरी, काळ आणीबाणीचा, आणि नववीतला मुकुंद जोशी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतो. शिरोडकर नावाची मुलगी त्याला आवडत असते. पहिल्या चार-पाच चिठ्ठ्या ‘लई भारी’च्या पुढं गेल्या नव्हत्या. मग एका मुलीनं लिहिलं, “तो सारखा शिरोडकरच्या मागं मागं जातो. तिला भीती वाटत नसंल का?” खाली एका मुलाचं अक्षर, “तिला पण तो आवडतो की.” त्याच्याखाली पुन्हा तिचंच, “हे पण मुकुंदच सांगतो.”

एम. ए.ला प्रथमपुरुषी निवेदनावर, म्हणजे ‘मी’च्या तोंडून सांगितलेल्या गोष्टीवर, मी पानंच्या पानं पाठ केली होती. या पोरीनं ते सगळं चार शब्दांत आटोपलं. पुढं एका पालकांनी ‘असली पुस्तकं मुलींच्या हातात देता?’ म्हणून तक्रार केली आणि ‘शाळा’ची प्रत शिक्षकांच्या कपाटात गेली. अजून तिथंच असेल. चिठ्ठी मी त्याआधीच काढून घेतली होती.

दुसरं पुस्तक ‘वनवास’, प्रकाश नारायण संतांच्या लंपनचं. आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारा, सीमाभागातला हा मुलगा. त्याच्या भोवतीच्या माणसांच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं. मला वाटलं होतं, आमच्या मुलांना हे जड जाईल. तर अक्कलकोटकडचा एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि एकेका कानडी शब्दाचा अर्थ मलाच समजावून सांगायला लागला. चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं, “ह्याचं मराठी आमच्यासारखं हाय तरी छापलंय.” त्या ‘तरी’पाशी मी बराच वेळ अडले. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. माझं माहेर तेलुगू, सासरही. मराठी शिक्षिका झाल्यावर आपल्या बोलण्यातला घरचा हेल निपटून काढायला मी किती वर्षं घालवली, ते मलाच माहीत. त्याच चिठ्ठीखाली एका मुलीनं लिहिलं, “असंच तेलुगू घरातल्या मुलीचं मराठी पुस्तक पाहिजे बाई.” आमच्या कपाटात तसं एकही पुस्तक नव्हतं.

आता ज्या गोष्टीनं हे पत्र लिहायला बसवलं ती. नववीतलीच एक मुलगी. आई आणि आजी दोघी घरी विड्या वळणाऱ्या. तिनं ‘श्यामची आई’ नेलं आणि कितीतरी आठवडे परत केलं नाही. मला वाटलं, हरवलं. मग कळलं की संध्याकाळी त्या दोघी मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि ही शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. आईला मराठी कळतं. आजीसाठी प्रत्येक पानानंतर तेलुगूत सांगायचं. पुस्तकातली प्रकरणं म्हणजे ४२ रात्री, यांच्या जास्त झाल्या असणार, कारण आजी मधेच थांबवून श्यामच्या वडिलांना शिव्या घालायची म्हणे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं. तेही रात्री जमलेल्या सोबत्यांना सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात, आणि ती ऐकणारी मंडळीही पुस्तकात मधूनमधून बोलतात. त्या घरात ते जसं वाचलं गेलं तसं माझ्या वर्गात कधीच वाचलं गेलं नाही.

तिची चिठ्ठी अशी होती: “श्यामची आई सारखी रडते. माझी आई रडत नाही. तिला वेळ नसतो. पण श्यामची आई मेली तेव्हा तिच्या हातातलं पान तसंच राहिलं आणि त्या दिवशी विड्या कमी भरल्या.”

१५ ऑक्टोबर, डॉ. कलामांची जयंती, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या निमित्तानं शहरातल्या एका संस्थेनं परीक्षण स्पर्धा ठेवली होती. मी मोठ्या हौसेनं तिचं लिखाण पाठवलं, तिच्याकडून थोडं वाढवून घेऊन, पण बोध न घालता. ते परत आलं. वर लाल शाईत शेरा, ‘विषयाचे आकलन नाही. बोध लिहिलेला नाही.’ बोधाचे गुण तिथंही ठेवलेले होतेच. पहिल्या आलेल्या मुलाचं परीक्षण त्यांनी फलकावर लावलं होतं. ‘हे पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावे.’

परीक्षकांवर मी फार रागावणार नाही, ३१ पैकी २२ वर्षं मीच ते परीक्षक होते. अमेरिकेतल्या लुईस रोझेनब्लॅट या प्राध्यापिका १९३८ साली पुस्तक लिहून सांगून गेल्या की गोष्टीचा अर्थ नुसत्या छापील पानात नसतो. वाचणारा स्वतःचं आयुष्य घेऊन त्या पानाशी येतो तेव्हा तो अर्थ घडतो. आम्हाला बी. एड.ला त्यांचं नावही कुणी घेतलं नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस किती वाजता सुटते हे बघायला वेळापत्रक वाचायचं असतं, तिथं सगळ्यांना एकच उत्तर यायला हवं. ‘श्यामची आई’ला आम्ही तसलाच प्रश्न विचारत आलो.

त्या मुलीनं लाल शेरा वाचून मला एवढंच विचारलं, “बाई, आजीला हे सांगू का नको?”

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. येत्या ऑक्टोबरात स्पर्धा ठेवणाऱ्यांनी बोधाचे गुण काढून टाकावेत आणि परीक्षकांनी पुस्तक आधी स्वतः वाचावं. आणि तुम्ही आपल्या पुरवणीत आठवड्याला एक चौकोन मुलांच्या अशा चिठ्ठ्यांना द्यावा. बक्षीस नको, फोटोही नको. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेव्हा पुस्तकं कुठून आणायची ही अडचण कुणी सांगू नये. मुलांना विचारायचंच असेल तर कुठं थांबलात, कुणाचा राग आला, कुणाला वाचून दाखवलं, एवढं पुरे.

सोबत सात चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मुलांची नावं मी खोडली आहेत. त्याच कारणानं माझं नावही छापू नये, नाहीतर शाळा लगेच ओळखता येईल. शुद्धलेखन कृपया दुरुस्त करू नये. तिसऱ्या चिठ्ठीवर तंबाखूचा डाग आहे, तो झेरॉक्समध्ये काळा आलाय. त्याच्याखालचा शब्द ‘पान’ असा वाचावा.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
साखर पेठ, सोलापूर