खिडकीतले ताड

जाफना, 20 मे

प्रिय आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

वर गावाचं नाव वाचलंत ना? मग आता आईने दोन घोट पाणी प्यावं. मी सुखरूप आहे. तब्येत चांगली आहे, दोन वेळा जेवते, पगार वेळेवर होतो. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुमचं याच्याकडे लक्ष राहणार नाही.

मी चेन्नईत नाही. होळी झाल्यावर चेन्नईला गेले हे खरं, तिथे ट्रेनिंग होतं तेही खरं, पण ते चार दिवसांचं. पाचव्या दिवशी मी इकडे आले. पंख्याचं लहान विमान, दीड तासाच्या आत पोचतं, आणि उतरतं ते पलालीला. बाबा, पलालीला. आता तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळाची पाटी आहे. पासपोर्टवर शिक्का मारून घेताना माझ्या मनात आलं, तुम्ही आलात तेव्हा असा शिक्का कोणी मारला नसणार.

मी खोटं बोलले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पुरते वीस दिवस झाले नव्हते आणि मी दारात उभी राहून 'चेन्नईच तर आहे' म्हणाले. त्याचं मला रोज वाईट वाटतं. वाटत नसतं तर मी दर रविवारी भिंतीला पाठ लावून फोनवर बसले नसते. मागच्या रविवारी वीज गेली म्हणून खिडकीशी आले. आईचं कैऱ्यांचं चाललं होतं. तुम्ही मध्येच म्हणालात, "चेन्नईत एवढे ताड?" आणि उठून गेलात. बुधवारी फोन केला तर आई म्हणाली, बाबा गोठ्यात आहेत. आई, आपला गोठा 2012 पासून रिकामा आहे.

तेव्हा तुम्हाला कळलं आहे हे मला कळलं. म्हणून फोनवर नको, कागदावरच सांगते.

नोकरी एक वर्षाची आहे. पुढच्या मार्चपर्यंत. काम तेच, जे मी पुण्यात चौदा वर्षं करत आले. जुने कागद वाचवायचे. लोकांच्या घरातून वह्या, पत्रं, लग्नपत्रिका, शाळेची हजेरीपुस्तकं येतात. पुष्कळशी लढाईच्या काळात या घरातून त्या घरात फिरलेली. एकमेकांना चिकटलेली पानं सोडवायची, वाळवी काढायची, स्कॅन करायचं, ज्याचं त्याला परत द्यायचं. या गावाला कागदाची किंमत कळते. 31 मे 1981 च्या रात्री इथलं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं, 97,000 पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. लंकेच्या सैन्याची आणि तमिळ वाघांची (एलटीटीईची) लढाई पेटली ती नंतर, 1983 मध्ये, पण इथली माणसं गोष्ट सांगायला लागली की सुरुवात त्या रात्रीपासून करतात. पांढरी इमारत पुन्हा बांधली आहे. मी संध्याकाळी तिच्यासमोरून सायकलने घरी येते.

पैशांची काळजी नको. पुण्याच्या घराचं भाडं थेट आईच्या खात्यात जमा होतं, ते औषधांना वापरा, साठवून ठेवू नका. आणि तमिळ मी हौस म्हणून शिकत नव्हते, हे एव्हाना लक्षात आलं असेल. दोन वर्षं रविवारचा क्लास केला. खरं तर पहिला शब्द मला तुम्हीच शिकवलात. मी पाच-सहा वर्षांची असेन, तुम्ही सुट्टीवर आलात की खळ्यात बसून हाक मारायचात, "बाय, तन्नी हाड गो." मला कितीतरी वर्षं वाटायचं की तन्नी हा मालवणीच शब्द आहे. शाळेत बाईंना म्हणाले होते, तन्नी प्यायला जाऊ का. आठवतंय? तुम्ही पोटभर हसला होतात, आणि मग कोण जाणे का, चिडलात.

राहते आहे ती खोली एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात आहे. त्यांना सगळे टीचर म्हणतात. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, भूगोल शिकवायच्या. मच्छरदाणी आहे, पंखा आहे, दाराला आतून दोन कड्या आहेत. मासळी ताजी मिळते. तांदूळ लाल, जाडा, उकडा, म्हणजे आपलाच म्हण ना आई, आणि नारळाशिवाय त्यांचंही पान हलत नाही. सोलकढी मात्र नाही, आमसुलं संपत आली आहेत. लढाई 2009 मध्ये संपली, रस्त्यावर आता भीती आहे ती फक्त टुकटुकवाल्यांची.

सांगायचं होतं ते वेगळंच आहे, आणि मी इतका वेळ तांदळात घालवला.

बाबा, तुमची वही मी वाचली. खाकी पुठ्ठ्याची, मागच्या बाजूला कॅन्टीनचा हिशोब असलेली. मागच्या गणपतीत पेन्शनचे कागद शोधताना ट्रंकेत सापडली. कडेला कसर लागली होती म्हणून साफ करायला घेतली, एवढंच मनात होतं. मग वाचली, आणि मग पानापानाचे फोटो काढले. न विचारता. ते माझ्याजवळच आहेत, इथे कोणालाही दाखवलेले नाहीत.

ऑगस्टची पानं आमच्या तोंडपाठ गोष्टीसारखीच आहेत. 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, तुम्ही भारताच्या शांतिसेनेत म्हणून आलात, बायकांनी हार घातले, एका म्हातारीने शहाळं दिलं. 'नदी एकही नाही. विहिरीचं पाणी चांगलं.' मग 10 ऑक्टोबरपासून, वाघांशीच लढाई जुंपल्यावर, अक्षर बदलतं. पेन्सिल, ओळी तिरक्या. कोणाला किती वाजता गाडीत घातलं, कोण पलालीला पोचेपर्यंत राहिला, कोण नाही. ज्यांच्या आईला आपण दर वर्षी आंब्याची पेटी पाठवतो, त्यांचं नाव तिथे आहे. त्यापुढे तुम्ही नुसती रेघ मारली आहे.

आणि मग 21 ऑक्टोबर. 'पहिली आंघोळ. आज लिहिण्यासारखं काही नाही.' 22 ला दोन शब्द, 'गाडी धुतली.' त्याखाली, दुसऱ्या पेन्सिलने, 'परत धुतली.'

पहिल्या आंघोळीला तुम्ही पहाटे उटणं लावून कुठे निघून जाता, हे आम्ही कधी विचारलं नाही. आई म्हणायची, बागेत जातात. फटाके आपल्याकडे का नव्हते हेही नाही विचारलं.

त्या दिवशी इथल्या सरकारी इस्पितळात काय झालं, ते या गावात दर वर्षी आठवतात. 21 कर्मचाऱ्यांचे फोटो मांडतात, डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, आणि फुलं वाहतात. रुग्ण धरून साठ-सत्तर माणसं गेली असं सांगतात. इथले म्हणतात, जवान आत शिरले आणि वॉर्डात गोळ्या घातल्या. आपलं लष्कर म्हणतं, आतून वाघांनी गोळीबार केला, दोन्हीकडच्या माऱ्यात माणसं सापडली. मी दोन्ही वाचलं, जितकं मिळालं तितकं. तुम्ही त्या दिवशी कुठे होतात ते वहीत नाही. मला वाटतं, तुम्ही आपले जखमी आणत होतात, दुसरं काही नाही. पण असं मला वाटतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. कसरीने खाल्लेल्या भोकाला मागून जपानी टिश्यू लावायचा, गव्हाच्या खळीने चिकटवायचा, पान धड करायचं. पण त्या टिश्यूवर गेलेली अक्षरं आपण लिहायची नाहीत, कितीही ठाऊक असली तरी. तुमच्या वहीत मी काही भरणार नाही, बाबा. आरोप करायला आले आहे असं मनातसुद्धा आणू नका. तसं असतं तर तुमच्या नकळत फोटो कोणालाही देता आले असते.

एप्रिलमध्ये मी टीचरना सांगितलं. लपवून त्यांच्या घरचं जेवण मला जाईना. म्हटलं, माझे वडील सत्याऐंशीच्या शांतिसेनेत होते, ड्रायव्हर होते. त्या बराच वेळ माडाच्या झापाच्या काड्या काढत राहिल्या. मग म्हणाल्या, ऑगस्टमध्ये माझ्या मुलीने त्यांना हार घातले होते, पांढरा फ्रॉक होता तिचा. ऑक्टोबरमध्ये आम्ही नल्लूरच्या देवळात वाळूवर झोपलो, हजारो माणसं होती. मी विचारलं, टीचर, इस्पितळाचं तुम्हाला काय आठवतं? त्यावर त्या म्हणाल्या, "मी तिथे नव्हते. मला काय विचारतेस? तुझ्या बापाला विचार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा पिट्टू वाढला. त्यानंतर तो विषय नाही.

पण टीचरचीही एक कोरी जागा आहे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुसलमान शिंपी होता, त्याचं मशीन अजून त्यांच्या माळ्यावर आहे. मी विचारलं, ते कुठे गेले? "गेले," म्हणाल्या. ऑक्टोबर 1990 मध्ये वाघांनी उत्तरेतल्या सत्तर हजारांहून जास्त मुसलमानांना बाहेर काढलं, या गावातल्यांना दोन तास दिले होते. त्याला 'गेले' म्हणतात का? पण हे मी त्यांना बोलले नाही, आणि तुम्हाला मात्र पत्र लिहिते आहे. घरच्यांवर जोर जास्त चालतो, दुसरं काय. लंकेच्या सरकारचंही तेच. शेवटच्या लढाईला ते मानवतावादी कारवाई म्हणत होते, एकही नागरिक मेला नाही असं म्हणत होते. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2011 मध्ये लिहिलं, 40,000 पर्यंत मेले असू शकतील.

इथल्या जाफना विद्यापीठातल्या चार शिक्षकांनी तेव्हाच, गोळीबार चालू असताना, सगळ्यांचं लिहून ठेवलं होतं, वाघांचं, आपल्या जवानांचं आणि लंकेच्या सैन्याचंही. त्यांतल्या डॉ. रजनी तिरणगमा शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. 21 सप्टेंबर 1989 ला त्या विद्यापीठातून सायकलने घरी जात होत्या, तेव्हा त्यांना गोळ्या घातल्या. आई, सायकल वाचून घाबरू नकोस. ते तेव्हाचं.

परवा 18 तारखेला इथे पेज वाटली. मुळ्ळिवाय्क्कालला, जिथे 2009 मध्ये लढाई संपली तिथे, शेवटच्या आठवड्यांत लोकांकडे तांदूळ, पाणी आणि मीठ एवढंच उरलं होतं, त्याची आठवण म्हणून करवंटीत तेवढंच देतात. 2024 मध्ये त्रिंकोमालीकडे ही पेज वाटणाऱ्या बायकांना पोलिसांनी पकडलंही होतं. मी रांगेत उभी राहिले. आई, चव आपल्याच पेजेची होती. तापात तू चमच्याने भरवायचीस तशी, फक्त पापडाशिवाय. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. करवंटी दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला, आणि मग पिईनात. त्यांची मान पाठीमागून अगदी बाबांसारखी होती. घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं, आज तिसरा दिवस.

तेव्हा माझं मागणं एवढंच. बाबा, ते पान तुम्ही भरा, किंवा भरू नका. भरलंत तर तुमच्या शब्दांत, तुमच्या अक्षरात. मद्रासला परतलात तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री आले नाहीत ते लिहा, आंब्याच्या पेटीबद्दल लिहा. गाडी दोनदा का धुतली तेही, लिहावंसं वाटलं तर. कोणाला दाखवायचं, कधी, की माझ्यासकट कोणालाच नाही, ते तुम्ही ठरवा. 'नको' म्हणालात तर मी फोटो पुसून टाकीन, शप्पथ. पण वर्ष मी इथे काढणार आहे. ते ठरलं आहे, त्यात बदल नाही. रागावलात तरी रागावून फोनवर या, गोठ्यात बसू नका.

आता कामाचं. मिरगाच्या आधी वही ट्रंकेतून काढा. ट्रंक खाली ओल धरते. दोन दिवस सावलीत, पंख्याखाली उभी करून ठेवा, पानं सुटी होऊ द्या, उन्हात अजिबात नाही. डांबरगोळ्या नकोत, कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल. मग सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या मधल्या खणात. प्लॅस्टिकची पिशवी वापरलीत तर मी इथून ओरडेन. लिहायचं झालं तर पेन्सिलनेच लिहा, शाई फुटते. गुडघ्याचा पट्टा चढताना घाला, उतरताना सुद्धा. साखरेची तपासणी एप्रिलमध्ये चुकवलीत, ती या महिन्यात करा, सावंतवाडीला एसटीने नको, रिक्षा सांगा. परसाकडच्या माडावर कोणी दुसरा चढेल. तुम्ही नाही.

कोलंबोजवळ बत्तरमुल्लाला आपल्या जवानांचं स्मारक आहे, बाराशेच्या आसपास नावं आहेत. सुट्टीत जाणार आहे. तुमच्या दोस्तांचं नाव हाताने शोधीन, फोटो काढू की नको ते कळवा.

तुमची,
बाय

ता. क. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. आई, पत्र तूच वाचून दाखव, बाबांना चष्मा लावून एकटं वाचू देऊ नकोस. डोळ्यातले थेंब घालून अर्धा तास झाल्यावरच वाचायला बस. मध्येच ते उठून बागेत गेले तर हाक मारू नकोस. चहा टाक, उरलेलं रात्री वाच.