‘मला टेन्शन नाही’ म्हणणाऱ्या मित्रास

धुळे

प्रिय भास्कर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वादळात निसवलेली केळीची बाग आडवी झाली, पंचनाम्याला कोण आले, ठिबकच्या किती नळ्या वाचल्या, विम्याची फाइल कुठे अडली, हे सारे तू बारकाईने लिहिले आहेस. मग शेवटच्या दोन ओळींत पोटात सतत जळजळते, पहाटे जाग येते आणि दुर्बिणीच्या तपासणीत काहीच निघाले नाही, असे उरकून ‘मला टेन्शन तर काहीच नाही, मग हे कशाने?’ असा प्रश्न टाकला आहेस. मी डॉक्टर नाही, वर्गात मानसशास्त्र शिकवणारा मास्तर आहे. तरीही मला वाटते की, टेन्शन आहे, फक्त ते तुला टेन्शन म्हणून कळत नाही.

स्वतःच्या भावना ओळखण्याच्या या अडचणीला ‘अलेक्झिथायमिया’ म्हणतात. बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही संज्ञा वापरात आणली. त्यांच्याकडे येणारे काही रुग्ण दुखणे आणि घडलेल्या घटना तपशीलवार सांगत. पण त्या वेळी मनाला काय वाटले, असे विचारले की त्यांना उत्तर सुचत नसे. पुढे टोरांटोच्या संशोधकांनी ही अडचण मोजण्यासाठी २० विधानांची प्रश्नावली केली, जी १९९४ पासून सर्वत्र वापरली जाते. भावना ओळखता न येणे, त्या दुसऱ्याला सांगता न येणे आणि सगळे लक्ष बाहेरच्या घडामोडींवरच असणे, अशा तीन बाजू ती तपासते. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही, तो स्वभावाचा एक कमी-अधिक प्रमाणात आढळणारा पैलू आहे. फिनलंडमधील एका पाहणीत सुमारे १३ टक्के प्रौढांमध्ये तो ठळकपणे दिसला आणि त्यात पुरुषांचे प्रमाण अधिक होते. तेव्हा तू काही जगावेगळा नाहीस.

भीती असो, राग असो की दुःख, प्रत्येकाबरोबर शरीरात काहीतरी घडतेच: छाती धडधडते, जबडा आवळला जातो, पोटात कालवते. मेंदूला हे संकेत वाचून त्यांचा अर्थ लावावा लागतो, आणि तो नीट लागला नाही तर तिन्ही भावना एकाच अस्वस्थतेच्या रूपाने समोर येतात. याचा खरा तोटा पुढे होतो. कर्जाची भीती वाटते हे कळले तर माणूस बँकेत जाऊन हप्त्यांचे बोलतो, भावाचा राग आला आहे हे कळले तर त्याच्याशी एकदाचे भांडून मोकळा होतो, आणि दुःख आहे हे कळले तर ते कोणाजवळ तरी सांगतो. पण नुसतेच ‘बरे वाटत नाही’ असेल तर त्यावर करायचे काय? मग तंबाखू वाढते, पोरांवर ओरडणे वाढते, गोळ्या बदलत राहतात. नैराश्य, चिंताविकार आणि दारूचे व्यसन असणाऱ्यांमध्ये ही अडचण अधिक आढळते. ती नैराश्याला वाट करून देऊ शकते आणि उलट नैराश्यानेही ती वाढू शकते. नैराश्य ओसरले की काहींच्या बाबतीत ती कमी झालेली दिसते.

मला सर्वांत धोक्याचे वाटते ते वेगळेच. ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला तू प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणशील, आणि घाईतला डॉक्टर तेथेच थांबेल.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरचे सगळे गाण्यातून सांगून टाकतात आणि आपण पुरुष पत्त्यांचा डाव मांडतो, त्यामुळे हा सारा वळणाचा दोष आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचाही वाटा दिसतो. शिवाय मनातले दुखणे पोटाच्या भाषेत सांगणे ही आपली रीत आहे, तेवढ्यावरून कोणाला शिक्का मारू नये. तुझ्याबाबत मी बोलतो आहे ते तुला पहाटे जाग येते आणि तुझे जेवण कमी झाले आहे म्हणून.

तेव्हा ‘मला काय वाटते’ हे शोधत बसू नकोस, ते तुला छळ वाटेल. जळजळ वाढली की त्याआधी काय घडले, कोण बोलले, कोणाचा फोन आला, एवढेच हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिही. नोंदी ठेवण्यात तू आमच्या सर्वांपेक्षा पक्का आहेस. काही दिवसांनी कोणत्या प्रसंगांनंतर पोट बिघडते ते तुलाच दिसू लागेल. मानसोपचारात अशाच नोंदींवरून भावनेपर्यंत जाता येते.

आणि एक गोष्ट आडपडद्याशिवाय विचारतो: जीव नकोसा झाल्याचा विचार येतो का? याचे उत्तर ‘माहीत नाही’ असे असले तरी ते मला त्याच दिवशी फोनवर सांग. रात्री-अपरात्री माझा फोन लागला नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लाव. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

सोमवारी मी जळगावला येतो आहे. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवली आहे. दुर्बिणीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत ठेव, आणि वहिनींना नक्की आण, कारण तुझ्या झोपेचे व जेवणाचे खरे वर्णन त्याच करतील. विम्याच्या फाइलचे काम त्याच फेरीत उरकू.

तुझा,
प्रकाश