सुज्या, कोटेशन बघितलं, आता ऐक

डोंबिवली
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय सुज्या,

तुझं गेमिंग पीसीचं कोटेशन मिळालं. त्या कागदाचा फोटो तीनदा झूम करून बघितला, आधी वाटलं फोटो अर्धा कापला गेलाय, कारण एकाही पार्टचा मॉडेल नंबरच नाही त्यात. "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग कॅबिनेट विथ एसएमपीएस" आणि खाली गोल करून ५२,०००. व्हॉट्सॅपवर उत्तर टाइप करायला घेतलं तर अंगठा दुखायला लागला, म्हणून लॅपटॉप उघडून बसलोय, आई मागून दोनदा विचारून गेली की रविवारी कसलं रे ऑफिसचं काम. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

पहिलं म्हणजे तो आय७. कुठला आय७? इंटेल हे नाव २००८ पासून वापरतंय, नाव तेच आणि आतला माल दर वेळी वेगळा. नंबर न लिहिता एवढ्या पैशात ग्राफिक कार्डासकट आय७ देतोय म्हणजे माझी पैज, तो ४७७० किंवा त्याचा एखादा भाऊबंद असणार, २०१३ चा, चार कोर आठ थ्रेड, कुठल्यातरी ऑफिसमधून भंगारात निघालेल्या पीसीतला. त्याच्या काळात भारी होता, नाही कोण म्हणतंय. पण १२ व्या जनरेशनचा साधा आय३, १२१००एफ, त्याचे पण चार कोर आठ थ्रेडच आहेत आणि तो याला गेममध्ये आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट गेल्या ऑक्टोबरच्या १४ तारखेला संपला, ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि तुझा तो लाडका गेम व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर उघडतच नाही. मग त्या आय७ वर करणार काय, दुकानाचं बिलिंग?

पण माझा खरा राग त्या आय७ वर नाहीये. त्या कागदात मॉनिटरचं नावच नाही आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज सगळ्या पार्टना वाटणारा भाग, कॅबिनेटबरोबर फुकट, त्याच्यावर आहे. सगळे ग्राफिक कार्डापासून सुरू करतात, मी पण तसंच केलं आणि तोंडावर आपटलो, त्यामुळे तू दोन टोकांपासून सुरू कर, एक तुझ्या डोळ्यासमोरचा स्क्रीन आणि दुसरं भिंतीतला प्लग. ही दोन पक्की झाली की मधलं बरंचसं आपोआप ठरतं.

स्क्रीनचं सोपं आहे. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, आणि हे सगळे कार्डाने दर फ्रेमला नव्याने रंगवायचे. म्हणजे मॉनिटर मोठा घेतलास की कार्डाचा खर्च पाठोपाठ आलाच. तुझं टेबल दोन फुटांचं, त्याच्यावर २४ इंची १०८०पी पुरे झाला, फक्त पॅनल आयपीएस बघ (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात) आणि १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याच्या, खाली जाऊ नकोस. आणि घरी आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदल, मी पंधरा दिवस १६५ चा मॉनिटर ६० वर चालवत होतो आणि वर सगळ्यांना सांगत होतो की बघा किती स्मूद.

आता प्लग. २०२४ च्या दिवाळीत मी पीसी जोडला तेव्हा सगळे पैसे कार्डात आणि प्रोसेसरात घातले आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आला तोच ठेवला, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट छापलेलं, म्हणलं अजून काय पाहिजे. चार दिवस मस्त गेले, विंडोज टाकलं, यूट्यूब बघितलं. पाचव्या दिवशी पहिला जड गेम लावला आणि पाच मिनिटांत खट्ट, काळा स्क्रीन, पीसी आपोआप रीस्टार्ट. मला वाटलं लाईट गेली, तर डोक्यावर पंखा फिरतोय. मग आठवडाभर रॅम काढ-घाल, ड्रायव्हर उडव, विंडोज परत टाक, सगळं झालं. शेवटी एका रात्री एक वाजता टॉर्च घेऊन बाजूचं झाकण उघडलं आणि एसएमपीएसवरचा स्टिकर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६. म्हणजे ते ५०० बाकीच्या लाइनी मिळवून आणि थोडं देवाच्या भरवशावर होतं, पण कार्ड आणि प्रोसेसर दोघं जेवतात ते १२ व्होल्टवरच. माझं आरएक्स ६६०० कार्ड म्हणजे १३२ वॅट, रायझन ५ ५६०० प्रोसेसरवर ६५ लिहिलंय पण जोरात चालला की ७६ पर्यंत घेतो, झाले २०८, वर बोर्ड, पंखे, एसएसडी, आणि कार्ड मधेच क्षणभर उसळी मारतं ती वेगळीच. राहिलं काय? आणि त्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनची वायरच नव्हती, जुन्या चार पिनच्या दोन वायरी एकत्र करणारा एक कन्व्हर्टर दुकानदाराने दिला होता. त्याला बोट लावलं तर गरम, पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात पिवळं पडलेलं, आणि इस्त्री एकाच जागी जास्त वेळ राहिली की येतो ना तसा वास. रात्रीच उपटून टाकला.

दुसऱ्या दिवशी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ आणला, पाच वर्षं वॉरंटीवाला, आणि रीस्टार्ट जो बंद झाला तो आजपर्यंत. ते ८० प्लस म्हणजे भिंतीतून जेवढी वीज ओढतो त्यातली किमान ८० टक्के आत पोचवतो, उरलेली गरमी. तेवढ्याने माल चांगलाच असेल असं नाही पण निदान कुणीतरी तपासलाय. तू स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर बघ, बाकी आकडे जाहिरात.

आणि तुमच्याकडे अजून एक भानगड आहे. तुझ्या जुन्या पीसीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि काका म्हणायचे स्लिपर घाल रे. स्लिपरचा प्रश्न नाहीये तो, अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो, तो थोडासा करंट पत्र्यावाटे अर्थिंगमध्ये सोडतो, आणि अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी बारीक म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण त्या पत्र्यालाच आपण बोर्ड, कार्ड, सगळं लावणार. तेव्हा पीसी यायच्या आधी वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे, तू स्वतः टेस्टर घेऊन हिरोगिरी करू नकोस. यूपीएस पण लागेलच, चिपळूणच्या पावसात लाईट कशी ये-जा करते ते मी चार वर्षं हॉस्टेलवर तुझ्या तोंडून ऐकलंय. फक्त ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेकांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता, मॅच संपवण्यापुरता नाही. आणि मशीन वरच्याच खोलीत ठेव, २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मी तुला सांगायला नको.

आता मधलं पटापट. मी साडेतीन हजारात १६ जीबी डीडीआर४ रॅमची जोडी घेतली होती, आज त्या पैशात तिची निम्मी पण येणार नाही. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवीय, जगात मोठे बनवणारे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, तिघांचा ओढा तिकडे, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पण तुझ्याकडे घबाड आहे रे! पुरानंतर दुकानासाठी घेतलेला तो काळा डबा, लॅपटॉप आल्यापासून पडून असलेला, तू मागे त्याचा आतला फोटो पाठवलास त्यात ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक स्पष्ट दिसतायत, २६६६ स्पीडच्या. त्या काढ. थोड्या मंद आहेत, काही फ्रेम जातील, जाऊ देत.

आणि म्हणूनच डीडीआर४ चालणारं एएमडीचं एएम४ (प्रोसेसर बसतो ते सॉकेट), म्हणजे बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, कूलर बॉक्समध्येच मिळतो. सगळे तुला सांगतील एएम५ घे, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल, आणि ते खोटं सांगत नाहीयेत, पण एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे रॅम आजच्या भावाने विकत. (दोन्हीला २८८ च पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे दाबून बसवायचा विचार पण करू नकोस, मी ओळखतो तुला.) दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाल.

कार्डाचं म्हणजे "४ जीबी" हे काय वर्णन झालं का, कार काय तर पाच सीटची. तुझ्या १०८०पी ला ६६०० अजून पुरतं, ८ जीबीचं आहे, चांगल्या भावात नवं मिळालं तर उचल. थोडे जास्त घालायची तयारी असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी बघ, पण त्याच्या बॉक्सवरचा आकडा वाच, एकाच नावाने ८ जीबीचं पण आहे आणि १६ जीबीचं पण. एनव्हिडियाच्या ३०६० चं पण तेच, १२ चं वेगळं आणि ८ चं वेगळं, आणि ८ चं नुसतं मेमरीत कमी नाही तर चालायला पण हळू. एसएसडी १ टीबीच घे, जीटीए एकटा शंभर जीबीच्या वर जागा खातो, ५०० मध्ये तू दर आठवड्याला काय डिलीट करू असं मला विचारशील. कॅबिनेट पुढून जाळीचं पाहिजे, काच नको, लाल-निळ्या लाईटने हवा आत येत नाही. जाळीच्या आत धुळीचा फिल्टर असलेलं बघ, आणि मागची कार्डाची रिकामी पट्टी उघडी ठेवू नकोस, तुमच्याकडे पाल आत जाऊन बसेल.

बिल पक्कं घे, सिरीयल नंबर लिहिलेलं. जीएसटीचे १८ टक्के वाचवून देतो म्हणणारा वॉरंटीच्या वेळी ओळखत नाही.

खरेदी चिपळूणला करू नकोस, इकडे ये, लॅमिंग्टन रोडला मी येतो बरोबर. शनिवार धर, रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात. फक्त परत येतानाची मानसिक तयारी ठेव. मागच्या वेळी कॅबिनेटचा खोका घेऊन ग्रँट रोडहून दादरला कसाबसा आलो, तिथे सेंट्रलला संध्याकाळी सहाची वेळ, दोन गाड्या सोडल्या, शेवटी लगेजच्या डब्यात घुसलो. आत एक मासेवाल्या मावशी रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या. "टीव्ही हाय का?" म्हणलं कॉम्प्युटर. "मग खाली नको ठेवू, पाणी हाय, टोपलीवर ठेव." ठेवला. खोक्याला बोंबलाचा वास महिनाभर होता, पण आतला माल कोरडा आला.

जोडायला आपण डोंबिवलीलाच बसू, पंख्याखाली, लादीवर पेपर पसरून. अवघड काही नाही, दोनच ठिकाणी माझी फाटली होती. एक म्हणजे ५६०० बरोबरचा कूलर स्क्रूचा असतो, त्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की बोर्डाच्या मागची लोखंडी पाटी टपकन खाली पडते. मी ती पडल्यावर पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो, वाटलं बोर्ड मोडला. मागून एक हात लावून धरायची, बस. दुसरं, सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, लाईट लागल्या आणि स्क्रीनवर काहीच नाही. तासभर घाम. एचडीएमआयची वायर बोर्डाला लावली होती, कार्डाला नाही, आणि ५६०० ला स्वतःचं ग्राफिक नसतंच. बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "खालीसुद्धा तसंच भोक दिसतंय बघ एक."

तर असं कर, शुक्रवारी रात्री तुतारी एक्सप्रेस पकडून दादरला उतर, मी तिथेच भेटतो, दुकानं उघडेपर्यंत कुठेतरी मिसळ खाऊ. त्या दोन स्टिक काढायच्या आधी पीसीचा प्लग काढ, आणि पिनांना हात न लावता जाड कागदात गुंडाळून आण, खिशात नाण्यांबरोबर नको. कोटेशनवाल्याला काही ॲडव्हान्स दिला नसशील अशी आशा आहे. दिला असशील तर पत्र वाचून झाल्या झाल्या फोन कर, आपण काहीतरी कारण काढू.

काकूंना सांग कुळथाचं पीठ संपलंय.

तुझा,
बंड्या